रोवणी आणि कापणीच्या मधलं जहाज

बाबा निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग त्यांच्या हातात माईक आला. घरी बाबा फार बोलत नाहीत, पण माईकवर त्यांचा वेगळाच माणूस होतो. आभार मानून झाले, साहेबांचं कौतुक झालं, आणि बसता बसता ते म्हणाले, "आता माझी एकच इच्छा आहे. घरच्या सगळ्यांना मोठ्या जहाजातून समुद्र दाखवायचा."

टाळ्या पडल्या. आई माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने हळूच विचारलं, "हे कवा ठरलं?"

"आत्ताच," मी म्हटलं.

भंडारा एवढं लहान आहे की इथे माईकवर बोललेलं मागे घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने विचारलं, "साहेब, जहाज कोणत्या तारखेचं?" आठवड्याभरात पितळी भांड्यांच्या दुकानातल्या मालकालाही खबर होती. बाबांनी नागपूरच्या एका एजंटला फोन केला आणि चार रंगीत पुस्तिका टपालाने घरी आल्या. चारही इंग्रजीत होत्या, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

आमच्या घरातलं इंग्रजी म्हणजे मी. बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटीच. गॅसच्या शेगडीबरोबर आलेलं पुस्तक, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, बँकेचे मेसेज, सगळं मी वाचून सांगायचं. वाचून झालं की माझं काम संपायचं. काय करायचं ते बाकीचे ठरवायचे. याबद्दल माझी तक्रार नव्हती. ठरवणाऱ्याला बोलावं लागतं, आणि माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मी पाणी आणायला उठायचे. शाळेत मराठी बोललं तर बाई रागवायच्या. घरी मी 'मले' ऐवजी 'मला' म्हटलं की काका म्हणायचे, "आली आमची पुण्याची." दोन्हीकडून वाचायचा सोपा उपाय म्हणजे गप्प बसणं. काकांनी माझं नाव मुकी ठेवलं होतं. प्रेमानेच, पण ठेवलं होतं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. ते लाखांदूरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. जहाजाचं ऐकून ते आणि काकू मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्याकडे आले. कूलर पूर्ण वेगात, मध्ये चटई, चटईवर चार पुस्तिका, आणि मी वाचणारी.

"जेवण तिकिटातच आहे का?" काकांनी पहिला प्रश्न टाकला.

"हो. दिवसातून पाच वेळा."

"पाच वेळा! मंग समुद्र कवा पाहाचा?"

काकूंना वेगळीच काळजी होती. "कपडे बदलाले किती वेळ भेटते ते पाय. मी एका साडीत दोन फोटो नाही काढणार, आधीच सांगतो."

बाबा म्हणाले, "पासपोर्ट कुठं लागत नाही ते सांग. बाकी सगळं चालते."

मी एक तक्ता केला. मला तक्ते करायला आवडतात, त्यात बोलावं लागत नाही. गोवा, लक्षद्वीप, कोची आणि श्रीलंका अशी चार ठिकाणं. दिवस किती, जहाज निघतं कुठून, पासपोर्ट लागतो का, उलट्या होण्याची शक्यता किती, जहाज कोणत्या महिन्यात जातं. लंकेसमोर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पावसाळ्यात. गैरसोयीचं.' तो शब्द माझाच होता, पुस्तिकेत नव्हता.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तांदूळ पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज मला लहानपणापासून इतका ओळखीचा आहे की तो थांबला तरच ऐकू येतो. मी एक पान उलटलं आणि तो थांबला. मी वर पाहिलं. आई दारातून वाकून त्या पानाकडे बघत होती. पानावर नाचणारी माणसं नव्हती, खाण्याचं टेबल नव्हतं. नुसतं पाणी होतं, दोन्ही पानं भरून.

"यात काठ काहून नाही दिसत?" तिने विचारलं.

काका हसले. "वहिनी, समुद्र आहे तो. आपल्या गावची बोडी नोहे."

बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताला पाणी देणारं लहान तळं. आईने आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या पाण्याला काठ होता. वैनगंगेला होता, तलावांना पाळ होती, बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, मातीचे धुरे होते. सूप परत सुरू झालं.

तासाभरात ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून गोवा. काकांच्या शाळेला तेव्हाच मोठी सुट्टी असते, पासपोर्ट लागत नाही, आणि काकूंनी गोव्यासाठी टोपीसुद्धा मनात ठरवून टाकली. जूनच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा जमायचं आणि एजंटला पक्कं कळवायचं.

"चालते ना?" बाबांनी आईला विचारलं.

"चालते," आई म्हणाली.

आई असं एका शब्दात 'चालते' म्हणते तेव्हा ते चालत नसतं. बाबांना हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मी तक्त्याची घडी घालून ठेवून दिली.

आमची दोन एकर धानाची शेती पवनीच्या पुढे एका गावात आहे. बाबा भंडाऱ्यात नोकरी करत आणि आई भंडाऱ्यात राहून शेती करी. हंगामात आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, ती एसटीने जाते आणि एसटीने येते. बाबांच्या पगारावर घर चाललं, पण तांदूळ आम्ही कधी विकत आणला नाही, आणि माझ्या शाळेची बरीचशी फी त्या दोन एकरांतून गेली. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही माझ्या तक्त्यात त्याला जागा नव्हती.

जूनमध्ये मी तिच्याबरोबर गावी गेले. त्या दिवशी पऱ्हे टाकायचे होते. म्हणजे बांधीच्या एका कोपऱ्यात धान दाट पेरायचं, रोपं वाढली की उपटून सगळीकडे रोवायची. मला शेतात काही येत नाही. मी धुऱ्यावर उभी राहून पाण्याची बाटली सांभाळत होते. दर वर्षी आमच्याकडे कामाला येणारी एक बाई आईबरोबर होती. दोघींची पाठ माझ्याकडे होती.

"काय वो बाई, दिवाळीत जहाजावर जाऊन राहिल्या म्हणे?" ती म्हणाली. "मंग कापणी कोण करन? आम्ही बी येऊ का जहाजावर, विळे घेऊन?"

आई हसली. "हे लोकं जातीन. मी कायले जातो? मी नाही जात."

"घरी मालूम आहे?"

"कापणी आली का आपोआप मालूम होईन."

मी बाटली धुऱ्यावर ठेवली आणि बोटांवर महिने मोजले.

दिवाळी म्हणजे आमच्याकडे धानाची कापणी. ही गोष्ट भंडाऱ्यातल्या लहान पोराला विचारली तरी ते सांगेल. आणि आमच्या घरात चार मोठी माणसं चटईवर बसून समुद्राची तारीख ठरवत होती, आणि दाराशी बसलेल्या आईशिवाय कुणालाही हे आठवलं नाही. बाबांनी सुट्ट्यांचं कॅलेंडर पाहिलं, काकांनी शाळेचं पाहिलं. मी पुस्तिकेतलं पाहिलं. धानाचं कॅलेंडर कुठे छापलेलं नसतं.

परतीच्या बसमध्ये आईने मला खिडकी दिली. वाटेतलं अड्याळ येईपर्यंत मी हिंमत गोळा करत होते.

"आई, मी ऐकलं."

"ऐकलं तं ऐकलं. तुम्ही जाऊन या. फोटो दाखवजो."

"हार्वेस्टर लावू ना."

"आपल्या खालच्या बांधीत ओल राहते, तिथं तो फसते. अन कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा एका पावसानं भिजल्या तं वर्षभराची मेहनत गेली. कडपा उचलून ढिगासारखं उंच पुंजणं रचेपर्यंत मले तिथून हालता येत नाही. माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे. पण तू बाबांना का नाही सांगितलं?"

तिने तिकिटाची घडी केली. "त्यायनं माईकवर सांगतलं. एवढ्या लोकाइत. मी आता त्यायची गोष्ट खाली कायले पाडू?"

मग मी तो प्रश्न विचारला, जो खरं तर मे महिन्यात पहिला यायला हवा होता. "तू मोकळी कधी असतेस?"

तिला हसू आलं. असं तिला कुणी विचारलं नसावं. "मी? रोवणा झाला, निंदण झालं, का मंग धान आपल्या आपल्यानं वाढते. पोटरीवर येते, लोंब आतल्या आत तयार होते. तवा माणसाचं तिथं काही काम नाही, नुसतं जाऊन पाहाचं. पोळा झाला का दहा-पंधरा दिवस." मग म्हणाली, "पण तवा कोण जाते समुद्रावर? पाऊस राहते."

घरी आल्यावर मी पुस्तिका पुन्हा काढल्या. या वेळी मी बारीक अक्षरापासून सुरुवात केली. गोव्याचं जहाज पावसाळ्यात बंद. लक्षद्वीप बंद, कोचीही बंद. चौथी पुस्तिका चेन्नईहून लंकेला जाणाऱ्या जहाजाची. तिच्या तारखा पाहिल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पोळा पाहिला. पुन्हा तारखा पाहिल्या. पोळ्यानंतर आठव्या दिवशी जहाज निघत होतं आणि लवकर येणारं हलकं धान कापायला यायच्या कितीतरी आधी परत येत होतं. आणखी एक गोष्ट होती. गोव्याचं जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने जातं. या जहाजाच्या वेळापत्रकात एक अख्खा दिवस होता ज्याच्यासमोर गावाचं नाव नव्हतं, फक्त 'समुद्रात' असं लिहिलं होतं.

माझ्या तक्त्यातला 'गैरसोयीचं' हा शब्द मी खोडला. कुणाची गैरसोय, हे मी लिहिताना स्वतःला विचारलंच नव्हतं.

रविवार यायला नऊ दिवस होते. मी बाबांना आधी एकटं गाठून सांगू शकले असते. खरं सांगायचं तर दोनदा गेलेही, आणि पाणी देऊन परत आले. शिवाय मला वाटत होतं की सगळ्यांसमोर ठरलेली गोष्ट सगळ्यांसमोरच बदलली पाहिजे, नाहीतर काका ती दोन मिनिटांत पुन्हा फिरवतील. मी मनात वाक्यं रचत राहिले. आधी इंग्रजीत रचायची, मग मराठीत आणायची, मग ती पुस्तकी वाटायची म्हणून टाकून द्यायची.

रविवारी काका आले तेच फोन पुढे करत. "चला भाऊ, लावा त्याले फोन. तारीख पक्की करून टाका."

बाबा चष्मा शोधत होते. चष्मा सापडला की फोन लागणार होता. मी म्हटलं, "दिवाळीला नको."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कूलर बंद होता, त्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला.

"काहून?" काका म्हणाले. "परीक्षा आहे का तुही?"

"दिवाळीला कापणी आहे. आई येऊ शकत नाही. आई नसेल तर मी पण जाणार नाही."

बाबांनी चष्म्याशिवायच माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आईने मान खाली घातली होती आणि ती माझ्यावर चिडली होती. तिचे कान लाल झाले की मला कळतं.

"मजूर लावू," बाबा म्हणाले. "ठेक्यानं देऊन टाकू कापणी."

"बाबा, खालच्या बांधीत हार्वेस्टर फसतो. मजूर कापून देतील, पण पाऊस आला तर कडपा कोण उचलेल? पुंजणं कोण रचेल? तुम्हाला येतं?"

बाबांना येत नव्हतं. काकांनाही येत नव्हतं. दोघंही धानाच्याच घरात जन्मले होते, आणि हे त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

मी चौथी पुस्तिका चटईवर ठेवली आणि थांबले नाही, कारण थांबले असते तर संपलं असतं. पोळ्यानंतरचे दिवस सांगितले. चेन्नई सांगितलं, लंका सांगितली. पासपोर्टचे सगळ्यांचे अर्ज मी भरेन, म्हणाले.

"सप्टेंबरात मले सुट्टी कोण देते?" काका म्हणाले. "मास्तर लोकाइले दिवाळीच राहते बाप्पा."

"मग तुम्ही दिवाळीला गोव्याला जा, काका. आम्ही लंकेला जाऊ."

हे मी उद्धटपणे म्हटलं नाही. मला दुसरं वाक्य सुचलं नाही म्हणून म्हटलं.

बाबा आईला म्हणाले, "तू बोलली काहून नाही?"

तिच्या वतीने बोलायचा मला हक्क आहे का, असं एक क्षण वाटलं. मग मी म्हटलं, "ती बोलली होती. त्या फोटोत काठ का दिसत नाही, असं तिने विचारलं होतं. आपण हसलो." हसले फक्त काका होते, पण मी 'आपण' म्हटलं. मीही तेव्हा तिला उत्तर दिलं नव्हतं.

बाबांनी पुस्तिका उचलली आणि ते नुसत्या पाण्याचं पान काढलं. "लंकेच्या जहाजावर असं दिसते?" त्यांनी मला विचारलं.

"एक पूर्ण दिवस."

पहिल्या बोलल्या त्या काकू. "मी जाऊबाईसंग लंकेले जातो," त्या काकांकडे न बघता म्हणाल्या. "तुम्ही शाळा पाहा."

"अन माह्या डब्याचं?"

"तुमच्या हेडमास्तरले मांगा. त्याच्याच पाई सुट्टी नाही भेटत न?"

आई हसली. आधी ओठ दाबून, मग ते जमेना म्हणून पदर तोंडाला लावून. बाबा हसले. काका आधी हसले नाहीत, मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिले मुकी कोण म्हणते बे? आपल्या घरचा वकील आहे हा!"

"तुम्हीच म्हणता," मी म्हटलं. त्या दिवशी माझी जीभ थांबतच नव्हती.

बाबांनी फोन लावला. पलीकडून एजंटने हिंदीत विचारलं, किती लोक. बाबा म्हणाले, "चार." काकांनी मागून हाताची पाच बोटं वर केली, घसा खाकरला आणि बोटं आणखी वर केली. "पाच लिहिए," बाबा म्हणाले.

मग सगळं भराभर झालं. काकांनी बिनपगारी रजेचा अर्ज टाकला. पासपोर्टच्या रांगेत आईने अर्जावर सही केली. इतकी सावकाश की खिडकीतला माणूस पेन परत मागायचं विसरला. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा शेजारणीने त्याला बाबांच्या माईकपासून सगळी गोष्ट ऐकवली. आमच्या बुद्ध विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं. तिथल्या बायांना लंका कळल्यावर प्रत्येकीने बोधिवृक्षाचं एकेक पान आणायला सांगितलं. "सगळ्याइले पानं देतो तं झाड ठूठ होऊन जाईन," आई म्हणाली. आणि बाबा दूधवाल्याला सांगू लागले, "गोव्याले काय, कोणी बी जाते. आम्ही तं विदेशात चाललो." जणू पहिल्यापासून त्यांचं हेच ठरलं होतं. आईने त्यांना तसं म्हणू दिलं, आणि मीही.

पोळ्यानंतर आई एकदा बांध्यांवर जाऊन आली. धान पोटरीवर होतं. आठव्या दिवशी आम्ही चेन्नईच्या बंदरावर जहाजाच्या शिडीवर होतो, आणि आई माझ्या पुढे होती.

तो गावाचं नाव नसलेला दिवस उजाडला तेव्हा मी जागी झाले तर आईचा पलंग रिकामा होता. मी घाबरून वर डेकवर धावले. काकू तोंडात लिंबू धरून खुर्चीत पडल्या होत्या, टोपी पोटावर. त्यांनी हातानेच दाखवलं, तिकडे आहे.

आई कठड्याशी उभी होती, आणि एकटी नव्हती. तिच्या वयाची एक तमिळ बाई शेजारी होती. अंगावर काठापदराची साडी, केसात गजरा, आणि हातांच्या बोटांना आईच्या बोटांसारख्याच भेगा. दोघींमध्ये समजेल असा एक शब्द नव्हता. त्या बाईने आईचा हात उलटा करून तळवा पाहिला होता आणि तिथून सुरू झालं होतं. आई हवेत वाकून रोवणी करून दाखवत होती. ती बाई मान हलवत होती, नाही, असं नाही, आणि दोन रोपांमधलं अंतर वितीने मोजून दाखवत होती. आईला ते अजिबात पटलं नव्हतं. "एवढं दूर? तं मंग गवत नाही होणार का मंधात?" ती आमच्या झाडीपट्टीतल्या मराठीत विचारत होती आणि ती बाई तमिळमध्ये ठासून उत्तर देत होती. मग धान किती उंच आलं यावर बोलणं आलं. आईने गुडघ्याच्या वर हात धरला. त्या बाईने स्वतःच्या कमरेला धरला. आईने आपला हात थोडा वर सरकवला. चारी बाजूंना पाणी होतं, कुठेही काठ नव्हता, आणि या दोघी त्याच्या मधोमध उभं पीक मोजत होत्या.

मी पुढे झाले. सवयच होती. त्या बाईची सून जवळच उभी होती, तिला इंग्रजी येत होतं. मी तिला सांगितलं असतं, तिने सासूला. आईने मला पाहिलं.

"तू कायले थांबली?" ती म्हणाली. "जा, खाऊन घे. आमचं चालू आहे अजून."

मी खाली गेले. जेवणघर अर्धं रिकामं होतं; बरीच माणसं बोट लागून खोलीत पडली होती. मी खिडकीजवळचं टेबल घेतलं, गरम डोसा मागवला, आणि कुणालाही काहीही वाचून न दाखवता तो पूर्ण खाल्ला. मग आणखी एक मागवला.